जुन्या मोटारीचा बाजार : एक अर्थशास्त्रीय विचार

सावदा-फैजपूर परिसरात केळीचे पैसे हाती आले की घरात चारचाकीचा विषय निघतो. नवी गाडी आवाक्याबाहेर असते, म्हणून दृष्टी जुन्या बाजाराकडे वळते. आणि शेतरस्ते लक्षात घेता जमिनीपासून उंच अशा छोट्या एस.यू.व्ही.ला साहजिकच पसंती मिळते. वर्षाच्या कमाईचा हा व्यवहार असल्याने अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने त्याचा विचार करणे अप्रस्तुत ठरू नये.

बाजाराचे स्वरूप

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी 1970 साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. या संशोधनाबद्दल 2001 साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : गाडीचे दोष विकणाऱ्यास ठाऊक असतात, घेणाऱ्यास नसतात. म्हणून घेणारा सरासरी भाव देऊ करतो. चांगल्या गाडीच्या मालकास तो परवडत नाही व तो बाजारातून निघून जातो. मागे खराब गाड्या उरतात. केळीचा घड व्यापाऱ्याला बागेतच पारखता येतो. इंजिनाचे तसे नाही. तात्पर्य, घासाघीस करण्यापूर्वी माहिती मिळविणे हाच खरा उपाय होय.

गाड्यांची निवड

2006 च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा आखूड व लहान इंजिनाच्या गाड्यांवरील अबकारी कर 24 वरून 16 टक्क्यांवर आला. पुढे याच मापात फोर्ड इकोस्पोर्ट (2013), मारुती व्हिटारा ब्रेझा (2016), टाटा नेक्सॉन (2017) व ह्युंदाई व्हेन्यू (2019) या गाड्या आल्या. फोर्डने 2021 साली भारतातील उत्पादन थांबविण्याची घोषणा केली. तेव्हा ती गाडी स्वस्त वाटली तरी सुटे भाग व कारागीर जवळपास मिळतात का, हे आधी विचारावे. 22 सप्टेंबर 2025 पासून लहान इंजिनाच्या छोट्या गाड्यांवरील जी.एस.टी. 18 टक्के झाला. म्हणून विक्रेता पूर्वीच्या किमतीचा दाखला देत असेल, तर नव्या गाडीचा आजचा भाव काढून मगच बोलावे.

डिझेल की पेट्रोल, हा प्रश्न हिशेबाने सुटतो. वर्षाला 8,000 किलोमीटर प्रवास, पेट्रोल गाडी लिटरला 16 व डिझेल 20 किलोमीटर धरू. पेट्रोल 500 लिटर, डिझेल 400 लिटर लागेल. भाव अनुक्रमे 100 व 90 रुपये मानल्यास बचत 14,000 रुपये. डिझेल गाडी 70,000 रुपयांनी महाग असेल, तर फरक भरून निघण्यास पाच वर्षे लागतील.

तपासणी

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना सुरू करून पाहावी. आधीच गरम करून ठेवलेले इंजिन दोष लपविते. टायरवरील चार आकडे आठवडा व वर्ष सांगतात. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. किलोमीटरचा आकडा सर्व्हिसच्या नोंदींशी ताडून पाहावा. आसनाखाली गंज वा चिखल आढळल्यास गाडी पुरात सापडली असावी, असा संशय घ्यावा. विश्वासू मेकॅनिकला सोबत न्यावे, आणि अंदाजपत्रकाचा सुमारे दहावा हिस्सा टायर, बॅटरी व दुरुस्तीसाठी राखून ठेवावा.

कागदपत्रे

सर्वांत मोठा धोका येथे आहे. मोटार वाहन कायद्यानुसार राज्यांतर्गत व्यवहारात विकणाऱ्याने 14 दिवसांत व घेणाऱ्याने 30 दिवसांत हस्तांतर कळवावयाचे असते. त्यासाठी नमुना 29 व 30 लागतात. कर्ज फिटले असल्यास नमुना 35 घ्यावा. बऱ्हाणपूर आपल्याला जवळ, म्हणून एम.पी. 68 क्रमांकाची गाडी मोह घालते. परंतु तिला तेथील ना-हरकत प्रमाणपत्र व महाराष्ट्राचा वाहनकर लागतो. हा खर्च मिळवून मगच तिची एम.एच. 19 शी तुलना करावी. विमाही आपल्या नावे करण्यासाठी 14 दिवसांत अर्ज द्यावा. नाव न बदललेल्या गाडीचा अपघात झाल्यास नोंदीतील मालकच भरपाईस जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली स्पष्ट केले आहे. म्हणजे हे हस्तांतर विकणाऱ्याच्याही हिताचे आहे.

सारांश, जुन्या बाजारात स्वस्ताई ही भावात नसून माहितीत असते. जो विक्रेता मेकॅनिकला गाडी दाखविण्यास व कागद पुढे ठेवण्यास कां-कूं करतो, त्याचा भाव कितीही कमी असो, तेथून उठावे हेच शहाणपणाचे.