राग, स्वाभिमान आणि रविवारचा फोन

अकरावी-बारावीत कॅडेटच्या हाती पहिल्यांदा अधिकार येतो. धाकट्यांना वेळेवर फॉल-इनला आणणे, प्रेपमध्ये शांतता राखणे ही कामे त्याच्याकडे येतात. याच वयात शब्द आणि हात लवकर सुटतात. असे का होते, हे शिक्षक म्हणून मी मानसशास्त्रात शोधले.

घरच्या नात्याबद्दल गॉर्डन पार्कर आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये २५ विधानांची प्रश्नावली तयार केली. आई आणि वडील यांच्याविषयी ती स्वतंत्रपणे दोन गोष्टी मोजते : माया किती आणि नियंत्रण किती. शिस्त आणि माया एकत्र नांदू शकतात, हे तिच्यावरून कळते. माया आटली आणि धाक तेवढा उरला, की मुलाला ‘आपण कोणाला हवे आहोत का?’ ही शंका कुरतडू लागते.

आता स्वाभिमान. स्वतःला कमी लेखणारी मुले अधिक आक्रमक असतात, असे २००५ मधील एका अभ्यासात आढळले. त्याआधी १९९८ मध्ये बुशमन आणि बाउमाइस्टर यांनी प्रयोग केला होता. स्वतःला फार थोर समजणाऱ्यांनी, अपमान होताच, अपमान करणाऱ्याला अधिक कर्कश आवाज ऐकवून शिक्षा दिली. दोन्ही निष्कर्ष मला पटतात. एकाला आपली किंमत ठाऊक नसते, दुसऱ्याची इतरांच्या वाहवेवर टिकलेली असते. धाकट्याने उलट उत्तर दिले, की दोघांनाही ते सोसत नाही. ज्याला आपली किंमत घरातून शांतपणे मिळालेली असते, तो त्याच उत्तरावर नियम पुन्हा सांगतो आणि पुढे जातो.

पालकहो, रविवारच्या फोनवर गुण आणि क्रमांक जरूर विचारा, पण शेवटी. आधी विचारा, या आठवड्यात तुला काय जड गेले? उत्तर येताच उपदेश करू नका, ऐकून घ्या.

कॅडेटांनो, राग आला तर शिक्षा लगेच देऊ नका. बाजूला व्हा, पाणी प्या, मग हाउसमास्टरांना सांगा. राग वारंवार अनावर होत असेल तर १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो. आपल्या बंगळुरूतील ‘निम्हान्स’ ही त्या सेवेची मध्यवर्ती संस्था आहे. तिथे फोन करणे हेही जबाबदार सैनिकाचेच लक्षण आहे.