व्यापार चीनशी, नजर न्यूयॉर्ककडे

प्रश्न : आपण चीनकडून एवढा माल घेतो, मग आपला शेअर बाजार अमेरिकेच्या तालावर का नाचतो? – एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : व्यापार वाढला की बाजार जवळ येतात, हे खरं. पण माल कोणत्या दिशेला जातो तेही बघा. चीनकडून आपण घेतो फार, त्याला विकतो थोडं. अमेरिका मात्र आपलं मोठं गिऱ्हाईक. तुमच्याच गावची अलेंबिक घ्या. १९०७ सालची ही कंपनी आज अमेरिकेत जेनेरिक औषधं विकते. तिथल्या औषध प्रशासनाचे निरीक्षक तिच्या करखडीच्या कारखान्यात त्रुटी काढून गेले, की दलाल स्ट्रीटवर भाव हलू शकतो.

दुसरा धागा भांडवलाचा, आणि माझ्या मते तोच जास्त ताणला जातो. चीनचा पैसा आपल्या बाजारात नगण्य. अमेरिकी फंडांचा भरपूर. ते घाबरले की सरसकट विकतात. ७ एप्रिल २०२५ला ट्रम्प यांच्या आयातशुल्काच्या धास्तीनं सेन्सेक्स २,२०० अंकांहून जास्त कोसळला. औषधांना त्या शुल्कातून तेव्हा सूट होती, तरी औषध कंपन्यांचे शेअरही पडलेच! तेव्हा जोखीम विभागायची म्हणून निव्वळ अमेरिकी शेअरांत गुंतवणारा फंड घेणार असाल, तर अशा दिवशी त्याचा फारसा आधार मिळणार नाही.