एका वर्गातील सोबती

या आठवड्याच्या धड्यासाठी आम्ही पुण्यातील शाळासोबत्यांची गोष्ट घेतली आहे. चिंचवड व चाकणकडील मंडळ्यांस पुणे दूर नाही, म्हणून शिक्षकांस ती सांगणे सोपे जाईल.

जोतीराव फुले १८२७ साली माळी कुळात जन्मले. वडील गोविंदराव यांनी त्यांस शाळेतून काढून मळ्यात घातले होते. गफार बेग मुनशी व लिजीट साहेब यांनी गोविंदरावांची समजूत घातली, तेव्हा १८४१ साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. माळ्याच्या पोरासाठी एक मुसलमान व एक साहेब रदबदली करितात, हे शिक्षकांनी घाईने सांगून पुढे जाऊ नये.

तेथे सदाशिव बल्लाळ गोवंडे या ब्राह्मण मुलाशी त्यांचा स्नेह जडला. वर्गात जातीचा विसर पडणे अवघड नसते. खरी परीक्षा घरच्या कार्यात होते. १८४८ साली जोतीराव एका ब्राह्मण मित्राच्या वरातीत चालले असता, शूद्राने आमच्या बरोबरीने चालावे काय, असे म्हणून वऱ्हाडातील मंडळींनी त्यांचा अपमान केला. आमंत्रण मित्राचे होते, वरात मात्र जातीची होती.

येथे मैत्री तुटती तर नवल नव्हते. पण गोवंडे यांनी साथ सोडिली नाही. जोतीरावांनी १८४८ साली भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढिली, व पुढे महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा चालविल्या. त्या कामी गोवंडे, सखाराम यशवंत परांजपे व मोरो विठ्ठल वाळवेकर हे ब्राह्मण स्नेही उभे राहिले. पुढे मुक्ता साळवे या मांग मुलीने आपल्या लोकांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, तो १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापिला गेला.

आता आपल्याकडे पाहू. चाकणच्या कारखान्यांनी परमुलखाची माणसे शेजारी आणिली. जिल्हा परिषदेच्या शाळेत जमीनवाल्याचा मुलगा व मराठवाड्यातील कंत्राटी मजुराचा मुलगा एका रांगेत खिचडी खातात, हे चांगलेच आहे. परंतु ज्यास ऐपत आहे तो आपले मूल फी भरून निराळ्या शाळेत घालितो. फुले व गोवंडे निदान एका खोलीत तरी भेटले. या मुलांनी भेटावे कोठे? आणि आमच्या मंडळ्यांत मुले एकत्र गातात, पण सोयरीक जुळविताना वडील माणसे पूर्वीची जात हळूच विचारितात. ही गोष्ट मुलांपासून लपत नाही.

शिक्षकांनी वर्गातील प्रत्येकास दोन प्रश्न एकांतात विचारावे: तू कोणाच्या घरी पाणी प्यालास? तुझ्या घरी कोण जेवले? उत्तरे चारचौघांत वाचून दाखवू नयेत, मुले खजील होतील. ज्या घराचे नाव कोणीच घेतले नाही, त्या घरी शिक्षकाने त्याच आठवड्यात जावे, व चहा पुढे आल्यास नाही म्हणू नये.