‘यू डोन्ट से!’ : अर्थ व उच्चार

इंग्रजी संभाषणात ‘यू डोन्ट से!’ हा उद्गार कानी पडतो. शब्दशः पाहिल्यास त्याचा अर्थ ‘तुम्ही सांगत नाही’ असा होतो. ‘डोन्ट’ हा शब्द दिसताच विद्यार्थी त्यास नकार समजतात. क्वचित् ‘बोलू नका’ अशी आज्ञाही मानतात. वस्तुतः येथे नकारही नाही व आज्ञाही नाही. ऐकलेल्या वार्तेवर चटकन विश्वास न बसणे, एवढाच भाव त्यात आहे. मराठीतील ‘काय सांगता!’ हेच त्याचे यथार्थ भाषांतर होय. हा मराठी उद्गारही रूपाने प्रश्न आहे; परंतु त्याचे उत्तर कोणी देत बसत नाही. हे साम्य दाखविल्यास शब्दार्थ व भावार्थ यांतील भेद मुलांस सहज उमगतो.

उच्चार : तिन्ही शब्द एका दमात म्हणावेत. ‘डोन्ट’मधील स्वर शुद्ध ‘ओ’ नसून अखेरीस ‘उ’कडे झुकतो, ‘से’मधील ‘ए’ त्याचप्रमाणे ‘इ’कडे झुकतो. ‘ट’ म्हणताना मराठीप्रमाणे जीभ मागे वळवू नये. तिचे टोक वरच्या दातांमागील हिरडीस लावावे. पुढे ‘से’ येत असल्याने हा ‘ट’ पुष्कळदा अस्पष्टच राहतो. मुख्य आघात ‘से’वर द्यावा.

हेल : अर्थ बहुतांशी हेलावर अवलंबून असतो. ‘आमच्या गाईस जुळी वासरे झाली,’ असे एकाने सांगितले व दुसऱ्याने ‘से’वर आवाज उंच नेऊन हा उद्गार काढला, तर ते खरे आश्चर्य होय. ‘गाईस चार पाय असतात,’ यावर तोच उद्गार सपाट, खालच्या स्वरात काढला, तर तो उपरोध ठरतो.

येथेच शिक्षकांनी सावध राहावे. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी इयत्ता पहिलीपासून शिकविली जाते. सहा वर्षांच्या मुलाने धीर करून जुळविलेले पहिले इंग्रजी वाक्य बहुधा गाईच्या चार पायांसारखेच साधे असते. त्यावर उपरोधाचा हेल लागला, तर मुलास शब्द कळले नाहीत तरी स्वर कळतो आणि ते पुन्हा तोंड उघडीत नाही.

वर्गात दोन-दोन मुलांकडून नवलाची वार्ता व हा उद्गार आळीपाळीने म्हणवून घ्यावा. हा उद्गार बोलण्यातला आहे. अर्जात अथवा औपचारिक पत्रात तो योजू नये, हेही सांगावे.