भाकरींतील कोंडा आणि देहाचे पहारेकरी

हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगांव व औंढा नागनाथ या तालुक्यांत ज्वारीची भाकरी हें पिढ्यान्‌पिढ्यांचें अन्न होय. अलीकडे मात्र पुष्कळ शेतांत ज्वारीच्या जागीं सोयाबीन आलें, आणि मुलांच्या डब्यांत भाकरीच्या जागीं मैद्याचीं बिस्किटें आलीं. हा पालट केवळ रुचीचा आहे काय, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

वनस्पतिजन्य अन्नाचा जो भाग जठरांत व लहान आंतड्यांत पचत नाहीं, त्यास तंतुमय पदार्थ म्हणतात. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांप्रमाणें १०० ग्रॅम ज्वारींत हे तंतु सुमारें १० ग्रॅम असतात. सडलेल्या तांदुळांत किंवा मैद्यांत ते ३ ग्रॅमही भरत नाहींत.

जें पचत नाहीं तें खाऊन लाभ काय, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर मोठ्या आंतड्यांत सांपडतें. तेथें अब्जावधि सूक्ष्म जंतु राहतात. जंतु म्हटले कीं आपणांस रोग आठवतो; परंतु यांतील बहुतेक आपले सोबती आहेत. तंतु आंबवून ते ॲसेटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक हीं आम्लें तयार करितात. पैकीं ब्युटिरिक आम्ल हें मोठ्या आंतड्याच्या अस्तरांतील पेशींचें मुख्य अन्न आहे. या अस्तरालगतच देहाच्या रोगप्रतिकारक पेशींचा फार मोठा तळ असतो. या आम्लांमुळें नियामक टी पेशी वाढतात, असें २०१३ सालीं उंदरांवरील प्रयोगांत दिसून आलें. या पेशी प्रतिकारशक्तीस आवर घालितात. कारण शत्रूवर तुटून पडणें जितकें अवश्य, तितकेंच स्वकीयांवर शस्त्र न चालविणेंही अवश्य आहे.

मग तंतु मिळालेच नाहींत तर काय होतें? महेश देसाई, एरिक मार्टेन्स व त्यांचे सहकारी यांनीं २०१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कांहीं उंदरांस तंतुरहित अन्न दिलें. तेव्हां उपाशी जंतूंनीं आंतड्याच्या अस्तरावरील बुळबुळीत थरच खावयास आरंभ केला. थर पातळ झाला, आणि पुढें रोगजंतु आंत सोडतांच त्या उंदरांच्या आंतड्यांस तीव्र दाह झाला. राखणदार उपाशी राहिला म्हणजे कुंपणच मोडून खातो, तसाच हा प्रकार झाला.

अर्थात् उंदीर म्हणजे मनुष्य नव्हे, आणि भाकरी ही लसीची किंवा औषधाची जागा घेऊं शकत नाहीं. तंतूंची संवय नसलेल्यानें ते एकदम वाढवूं नयेत, हळूहळू वाढवावे व पाणी पुरेसें प्यावें. नाहींतर पोट फुगतें. परंतु ज्वारी, सालीसह हरभरा, तूर, पालेभाजी व न चाळलेलें पीठ हीं आमच्या गांवांत सहज मिळतात.

विद्यार्थिमित्रहो, आईनें फडक्यांत बांधून दिलेली भाकरी इतरांदेखत सोडतांना लाज वाटावयाचें कांहींच कारण नाहीं. तिच्यांतील एक भाग तुमचें पोषण करितो, आणि उरलेला भाग तुमच्या पहारेकऱ्यांस पोंचतो.