दहा भोंगे, एक अँप्लिफायर

सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावी हरिनाम सप्ताहाच्या पहिल्याच रात्री कीर्तन रंगात आलं आणि आवाज बसला. मंडपवाल्याने 100 वॉटच्या अँप्लिफायरला 10 भोंगे थेट समांतर जोडले होते. प्रत्येक भोंग्याचं युनिट 16 ओहमचं. दहांचे मिळून उरले 1.6 ओहम, आणि वायर होती 4 ओहमच्या टर्मिनलला. आउटपुट ट्रान्झिस्टर जळाले.

दुसरा अँप्लिफायर आला, प्रत्येक भोंग्याला लाइन ट्रान्सफॉर्मरही आला. धंद्यात त्याला एलएमटी म्हणतात. तरी दुसऱ्या दिवशी हरिपाठालाच आवाज फाटू लागला. सगळे एलएमटी 20 वॉटच्या टॅपवर होते! दहा भोंगे 200 वॉट मागणार, अँप्लिफायर देणार 100. ट्रान्सफॉर्मर लावला की भोंगे कितीही जोडा, हा समज सर्वांत महागात पडतो.

शेवटी एका जुन्या साउंडवाल्याने कागद घेऊन हिशेब मांडला. रस्त्यावरचे चार भोंगे 10 वॉटवर, मंडपातले सहा 5 वॉटवर, बेरीज 70. वायर 100 व्होल्ट आणि कॉमन या टर्मिनलांवर आली. उरलेले 30 वॉट त्याने मुद्दाम राखून ठेवले, आणि ते योग्यच होतं.

लांबच्या वायरिंगला तर हीच पद्धत हवी. 1 चौरस मिलीमीटरची तांब्याची वायर 200 मीटर नेली, तर जाऊन-येऊन तिचाच रोध सुमारे 7 ओहम होतो. टोकाला 8 ओहमचा स्पीकर थेट लावला, तर जवळपास निम्मी ताकद वायरीतच जाते. 100 व्होल्टच्या लाइनवर 100 वॉटला करंट जेमतेम 1 अँपिअर, त्यामुळे नुकसान किरकोळ.

एलएमटीची दुसरी, स्पीकरकडची बाजूही तपासावी. 16 ओहमच्या टॅपवर 8 ओहमचा स्पीकर लावला, तर तो दुप्पट वॉट ओढतो आणि बेरीज चुकते. एकही स्पीकर एलएमटीशिवाय या लाइनवर लागला, तर त्याची कॉइल गेलीच म्हणून समजा. साध्या मल्टिमीटरच्या आकड्यावर विसंबू नये. त्याला फक्त वेटोळ्याचा रोध दिसतो, खरा भार इम्पीडन्स मीटरच सांगतो.

या लाइनचा झटका चांगलाच बसतो. टॅप बदलायचा असेल, वायर सोलायची असेल, तर आधी अँप्लिफायर बंद करा. आणि मंडळींनो, प्रत्येक भोंग्याचा टॅप लिहिलेला कागद अँप्लिफायरच्या झाकणावर चिकटवून ठेवा; ऐनवेळी अकरावा भोंगा जोडायला सांगणारा कोणीतरी येतोच.