कानाचे काम डोळ्यांवर नको!

कमी ऐकू येणाऱ्या माणसाने गाडी चालवावी का? आमच्या मेसमध्ये मी हा प्रश्न टाकला, तेव्हा बहुतेकांनी मान हलवून 'नको' म्हटले. पण दिल्ली उच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितले, की कर्णबधिर व्यक्तीलाही चाचणी देऊ द्या. पास झाली तर लायसन्स द्या. हक्क मिळाला. आता पाळी आपली, म्हणजे इंजिनिअर मंडळींची!

साधे गणित करू. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर. नकाशा बघायला दोन सेकंद नजर खाली गेली, की गाडी ३३ मीटर पुढे! आपल्याला 'डावीकडे वळा' असे फोन बोलून सांगतो. ज्याला ते ऐकू येत नाही, त्याचे डोळे दुप्पट राबतात.

२००९ मध्ये एमआयटीने फोक्सवॅगन समूहाच्या प्रयोगशाळेसोबत 'आयडा' नावाचा छोटा रोबो दाखवला. तो डॅशबोर्डवर बसतो, मान वळवतो, चेहऱ्यावर भाव आणतो. तो बोलणारा होता. पण मला त्याची मानच जास्त उपयोगी वाटते. नजरेच्या कडेलाही हालचाल चटकन कळते, त्यामुळे रोबोने डावीकडे मान वळवली की वाचायची गरजच नाही.

२०१९ मध्ये ह्युंदाईने सोलमध्ये कर्णबधिर चालकासाठी 'क्वाएट टॅक्सी' दाखवली. सायरन वा हॉर्न ओळखून काचेसमोर चित्र, दिशेसाठी स्टिअरिंगवर रंगीत दिवे आणि अडथळ्याच्या अंतरासाठी हाताला कंप, अशी त्यात वाटणी होती.

सायरन कुठून आला हे कसे कळणार? गाडीच्या दोन बाजूंना १.५ मीटर अंतरावर माइक लावा. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, म्हणून दोन्हींत जास्तीत जास्त ४.४ मिलिसेकंदांचा फरक पडतो. ज्या माइकला आवाज आधी मिळाला, ती बाजू!

आपल्याकडे खरी गोम हॉर्नची. प्रत्येक हॉर्नला स्टिअरिंग थरथरले, तर चालक वैतागून ते बंदच करील. सायरनचा सूर चढतो-उतरतो, हॉर्नचा बहुधा एकसारखा राहतो. हा फरक ओळखणारा प्रोग्राम हवा.

फायनल इयरवाल्यांनो, सीटच्या दोन बाजूंना मोबाईलच्या दोन मोटर आणि एक आर्डुइनो, एवढ्यावर सुरुवात होते. सरांनीही हा विषय मनावर घ्यावा. मात्र सर्किट जोडण्याआधी एखाद्या कर्णबधिर चालकाला भेटा आणि काय हवे ते त्यालाच विचारा. गाडी त्याला चालवायची आहे!